आरसी ट्रकला दिवे लावताना: पहिल्यांदाच वायरिंग करणाऱ्यांसाठी

रिमोटचा ट्रक दिवसा कितीही ऐटीत चालला, तरी दिवेलागणीनंतर तो प्लॅस्टिकचा डबाच वाटतो. पुढे हेडलाइट लागले, मागे लाल उजेड पडला आणि वळताना इंडिकेटर लुकलुकला, की तोच ट्रक एकदम भारदस्त दिसायला लागतो. हे काम साताऱ्यासारख्या गावात, गावातल्याच सामानावर आरामात होतं. इंजिनिअर असण्याची गरज नाही. मात्र बहुतेक नवखी मंडळी पहिल्याच दिवशी सोल्डरिंग आयर्न तापवून बसतात आणि मग बॉडी चासीला वायरींनी कायमची जखडली जाते. यातलं निम्मं काम आयर्न तापवण्याआधीचं आहे, म्हणून या लेखातही निम्मी जागा त्यालाच दिली आहे.

इथे धरून चाललो आहे तो ट्रक म्हणजे ज्यात रिसीव्हर (रिमोटचा सिग्नल पकडणारा डबा), ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा) आणि सर्व्हो (चाकं वळवणारी छोटी मोटर) वेगवेगळे असतात असा: टामियाचा १/१४ मापाचा, एखादा १/१० क्रॉलर (दगडधोंड्यांवर हळू चढणारी गाडी), किंवा डब्ल्यूपीएलचा १/१६ लष्करी ट्रक ज्यात तुम्ही वेगळा रिसीव्हर बसवला आहे. खेळण्याच्या दुकानातल्या ट्रकमध्ये सगळं एकाच बोर्डावर असतं. त्याला साध्या बटणावरचे दिवे लावता येतील, पण ब्रेक लाइटच्या नादाला लागू नका.

खरा ट्रक नीट बघा

पुणे-बंगळूर महामार्ग साताऱ्याला लागूनच जातो. अंधार पडल्यावर एखाद्या ढाब्याच्या आवारात, रस्त्यापासून लांब उभं राहून उभ्या आणि वळणाऱ्या ट्रकांचे दिवे बघा. पुढे दोन हेडलाइट, त्यांच्या जवळ इंडिकेटर, केबिनच्या कपाळावर छोट्या दिव्यांची ओळ. मागे फाळक्याच्या खाली दोन्ही कडांना लाल टेललाइट, ब्रेक मारला की तेच जास्त तेज होतात. रिव्हर्स घेतला की पांढरा दिवा लागतो. सगळे दिवे सारखे उजळ नसतात, आणि मॉडेलमध्ये नेमकं हेच चुकतं. केबिनवरचे छोटे दिवे हेडलाइटइतके तेज केले, की ट्रक लग्नाच्या वरातीतला दिसतो.

रंगाचंही तसंच. जुन्या टाटा-लेलँडच्या बल्बचा उजेड पिवळसर असतो, त्यामुळे जुन्या मॉडेलला वॉर्म व्हाइट एलईडी घ्या. निळसर पांढरा एलईडी नव्या गाड्यांनाच शोभतो. इंडिकेटर पिवळा-नारिंगी, मागे लाल, रिव्हर्सला पांढरा. आणि शेंद्र्याच्या कारखान्याकडे ऊस नेणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉलीचं मॉडेल करणार असाल, तर मागे दिवेच न लावता लाल रिफ्लेक्टर चिकटवलेत तरी ते पुरेसं खरं दिसेल!

बघून झालं की कागदावर ट्रकचं वरून दिसणारं चित्र काढा आणि प्रत्येक दिव्याला एक टिंब द्या. २ हेडलाइट, २ टेललाइट, ४ इंडिकेटर, २ रिव्हर्स आणि केबिनवर ४, म्हणजे १४ एलईडी. हा आकडा लगेच लागणार आहे.

व्होल्टेज मोजा, अंदाज नको

दिव्यांना करंट रिसीव्हरकडून घेणं सगळ्यात सोपं. रिसीव्हरवर एखादं चॅनल, म्हणजे सर्व्हो वगैरे जोडायची जागा, बहुधा रिकामं असतं. तिथल्या तीन पिनांपैकी मधली प्लस, एका कडेची मायनस आणि दुसऱ्या कडेची सिग्नल. सर्व्होच्या वायरीत काळी किंवा तपकिरी मायनस, लाल प्लस, आणि पांढरी, पिवळी किंवा नारिंगी सिग्नल. हे व्होल्टेज ईएससीमधल्या बीईसीतून (बॅटरीचं व्होल्टेज रिसीव्हरपुरतं कमी करणाऱ्या भागातून) येतं आणि ते ५ असेल, ६ असेल, काही ईएससीत ७.४ सुद्धा असेल. डब्यावर काय छापलंय ते राहू दे. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा, ट्रक चालू करा, मधली पिन आणि मायनस यांच्यामध्ये मोजा आणि तो आकडा चित्राच्या कोपऱ्यात लिहा.

आता करंट. आजचे एलईडी १० मिलिअँपिअरमध्ये मॉडेलला पुरून उरेल इतका उजेड देतात, २० द्यायची गरज नसते. १४ एलईडी गुणिले १० म्हणजे १४० मिलिअँपिअर. बीईसी १ अँपिअरची असेल तरी हे बसतं, पण स्टिअरिंगचा सर्व्होही त्याच बीईसीवर जगतो, आणि चाक दगडाला अडलं की तो एकटाच १ अँपिअर किंवा त्याहून जास्त ओढू शकतो. त्यामुळे छोट्या बीईसीवर दिव्यांची दिवाळी करू नका. जास्त दिवे हवेत तर बॅटरीवरून वेगळी ३ अँपिअरची यूबीईसी (म्हणजे सुटी मिळणारी बीईसी) घ्या आणि तिला स्वतःचं बटण द्या.

एक धोक्याची गोष्ट. लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीच्या बॅलन्स प्लगमधून, म्हणजे चार्जिंगच्या वेळी लावायच्या छोट्या पांढऱ्या प्लगमधून, दिव्यांना थेट करंट घ्यायची टूम बरेच जण सांगतात. दिवे लागतात, शंका नाही. पण बॅटरी उतरली की ईएससी फक्त मोटर थांबवतो, दिवे मात्र तिला शोषत राहतात. सेल ३ व्होल्टच्या खाली गेला की लिपो बिघडते, आणि नंतर ती चार्ज करणं धोक्याचं असतं. वेगळ्या यूबीईसीलाही हाच नियम लागू आहे: गाडी बंद केली की बॅटरी काढायची.

रेझिस्टरचा हिशोब

एलईडी स्वतःहून करंटला आवर घालत नाही. त्याच्या मार्गात रेझिस्टर नसेल तर तो क्षणभर झकास उजळतो आणि कायमचा जातो. लाल आणि पिवळ्या एलईडीला साधारण २ व्होल्ट लागतात, पांढऱ्याला ३ च्या आसपास. मिळणाऱ्या व्होल्टेजमधून हे वजा करायचं आणि उरलेल्याला करंटने भागायचं.

समजा तुमचं मोजमाप ६ व्होल्ट आलं. पांढऱ्या एलईडीसाठी ६ वजा ३ म्हणजे ३ व्होल्ट, भागिले ०.०१ अँपिअर, उत्तर ३०० ओहम. बाजारात जवळचा मिळतो ३३०. लालसाठी ६ वजा २ म्हणजे ४, भागिले ०.०१, म्हणजे ४००; तिथे ४७० घ्या. ५ व्होल्ट असतील तर पांढऱ्याला २२० आणि लाल-पिवळ्याला ३३०. नेहमी वरच्या बाजूचा रेझिस्टर निवडा. उजेडात फरक कळतसुद्धा नाही, एलईडी मात्र टिकतो. पाव वॅटचे रेझिस्टर इथे भरपूर झाले.

रंगांच्या पट्ट्या वाचायला शिका, तीनच लक्षात ठेवल्या तरी भागेल. २२० म्हणजे लाल-लाल-तपकिरी, ३३० म्हणजे नारिंगी-नारिंगी-तपकिरी, ४७० म्हणजे पिवळा-जांभळा-तपकिरी. चौथी सोनेरी पट्टी ५ टक्क्यांच्या फरकाची. पिवळ्या बल्बच्या उजेडात लाल आणि नारिंगी हमखास सारखे दिसतात, तेव्हा शंका आली की मल्टिमीटर लावा.

दोन एलईडी शेजारी-शेजारी जोडून दोघांत मिळून एकच रेझिस्टर लावला तर चालेल का, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. नाही. दोन एलईडी कधीच तंतोतंत सारखे नसतात, एक जास्त करंट घेतो आणि दुसरा मिणमिणतो. प्रत्येकाला आपापला रेझिस्टर द्या, काही रुपयांचा तर प्रश्न आहे. एकामागोमाग एक अशी जोडणी मात्र चालते, पण व्होल्टेज पुरलं तर. ६ व्होल्टवर दोन लाल एलईडी एका ओळीत बसतात, उरलेल्या २ व्होल्टसाठी २२० चा रेझिस्टर. दोन पांढरे बसत नाहीत, कारण त्यांनाच ६ लागतात.

केबिनवरच्या छोट्या दिव्यांना मुद्दाम १ किंवा २.२ किलोओहम लावा. मंद लागतील आणि तेच खरं दिसेल.

सामान

टीव्ही-मिक्सर दुरुस्तीचं सामान विकणाऱ्या दुकानात एलईडी, रेझिस्टर, ६०/४० सोल्डर वायर, २५ वॅटचं आयर्न आणि श्रिंक स्लीव्ह (जोडावर चढवून गरम केली की आवळणारी नळी) मिळून जाते. पातळ, लवचिक वायर हवी: आत बारीक तारांचा जुडगा असलेली. नेटवर्क केबलमधली एकेरी तांब्याची तार दोन-चारदा वाकली की तुटते, ती घेऊ नका. सोल्डरची पेस्ट रोझिनची घ्या. भांड्याला डाग देतात ते ॲसिड वायरीला लावलं की महिनाभरात तांबं हिरवं पडतं. गणपतीच्या सजावटीची जुनी माळ कापून एलईडी काढायला हरकत नाही, पण त्या माळेचा कंट्रोलर ट्रकच्या जवळपासही आणू नका. तो २३० व्होल्टवर चालतो.

एलईडीचं माप ठरवताना गुणाकार करा. १/१४ मध्ये ३ मिलिमीटरचा एलईडी खऱ्या ट्रकवर ४२ मिलिमीटरचा होतो, म्हणजे इंडिकेटर आणि केबिनच्या दिव्यांना बरोबर. ७ इंची गोल हेडलाइट १/१४ मध्ये १२.७ मिलिमीटरचा भरतो, तिथे मागे ५ मिलिमीटरचा एलईडी आणि पुढे पारदर्शक काच हवी.

एलईडी बसवणं

प्रत्येक एलईडी बसवण्याआधी तपासा. ३ व्होल्टचा बटण सेल घ्या, त्याच्या दोन बाजूंना एलईडीचे पाय चिमटीत धरा. लांब पाय प्लसच्या बाजूला असेल तर लागेल, उलटा धरलात तर नाही. पाय कापल्यावर कोणता लांब होता हे विसरलं जातं. तेव्हा एलईडीच्या कडेला बोट फिरवा, चपटी बाजू मायनसची.

भोक पाडताना पॉवर ड्रिल वापरू नका, प्लॅस्टिक वितळतं आणि तडकतं. हाताने फिरवायच्या छोट्या ड्रिलने आधी बारीक भोक, मग ३ मिलिमीटर. एलईडी मागून ढकलल्यावर थोडा घट्ट बसायला हवा. चिकटवायला फेव्हिक्विकसारखा सुपरग्लू वापरला तर त्याच्या वाफेने हेडलाइटची काच आतून पांढुरकी होते आणि ती पुसता येत नाही. त्याऐवजी पांढरा गोंद किंवा हॉट ग्लूचा थेंब पुरे.

हेडलाइटच्या वाटीला क्रोम असेल तर सावध. तो धातूचाच पातळ थर असतो, एलईडीचे उघडे पाय त्याला टेकू देऊ नका. पायांवर स्लीव्ह चढवा.

उजेडाची गळती हा या कामातला सगळ्यात दुर्लक्षित भाग. पहिल्यांदा दिवे लावले की हेडलाइट लागतोच, सोबत अख्खी केबिन आतून कंदिलासारखी उजळते. आतल्या बाजूने काळा रंग द्या, वाळल्यावर अंधारात पाहा, जिथे उजेड दिसेल तिथे दुसरा हात द्या. बाहेरचा रंग फिका असेल तर तीन हातही लागतील. ॲल्युमिनियमची टेप हे काम एका हातात करते, पण ती करंटही वाहते, म्हणून वायरिंगच्या जवळ ती नको.

वायरींचा झाडोरा आणि प्लग

आता चित्राकडे परत. रिसीव्हरकडून दोन वायरी येतात, लाल आणि काळी. सगळ्या दिव्यांची एक बाजू एकत्र येऊ शकते, दुसरी बाजू गटागटाने वेगळी ठेवावी लागते: हेडलाइट (केबिनवरचे दिवे त्यांच्याबरोबरच), टेल, डावे इंडिकेटर, उजवे इंडिकेटर, रिव्हर्स. इथे मायनस सगळ्यांची एक धरू. म्हणजे बॉडीतून चासीकडे एक मायनस आणि पाच प्लस, सहा वायरी. त्यांच्या मध्ये प्लग हवाच. सहा पिनांचा जेएसटी कनेक्टर (छोटा प्लॅस्टिकचा प्लग) घ्या किंवा सर्व्होच्या एक्स्टेंशनचे तीन-तीन पिनांचे दोन तुकडे. ते दोन एकमेकांत अदलाबदल होऊ नयेत म्हणून एका जोडीवर नेलपॉलिशचा ठिपका द्या.

केबिन पुढे कलंडणारी असेल तर वायर बिजागरीच्या अगदी जवळून काढा आणि केबिन पूर्ण उघडून लांबी मोजा. थोडा सैल वळसा ठेवा. ताणून बसवलेली वायर नेमकी दुसऱ्या कुणाला ट्रक दाखवताना तुटते.

सोल्डर मारण्याचा क्रम असा. आयर्नचं टोक ओल्या स्पंजवर पुसा, त्यावर थोडं सोल्डर चढवा. वायरीचं टोक सोलून पीळ द्या आणि त्यालाही सोल्डर चाटवा, एलईडीच्या पायालाही. स्लीव्हचा तुकडा आधीच वायरीत ओवून लांब सरकवून ठेवा. जोडल्यावर आठवली तर ती चढत नाही. रेझिस्टर एलईडीच्या प्लस पायाला लावा, त्यापुढे वायर. जोडायच्या जागी आयर्न टेकवा, सोल्डर आयर्नला नाही, जोडाला लावा. तीन सेकंदांत काम उरका. जास्त वेळ लागत असेल तर एलईडीचा पाय चिमट्याने धरा, उष्णता चिमट्यात जाईल. चांगला जोड चकचकीत आणि उतरता दिसतो. करडा, गोळा झालेला दिसला तर ड्राय सोल्डर आहे, पुन्हा गरम करा. निवेपर्यंत हलवू नका.

प्रत्येक गट झाला की लगेच तपासा. सगळं संपल्यावर तपासलं तर १४ जोडांमध्ये दोष कुठला, ते शोधत बसावं लागतं. रिसीव्हरला लावण्याआधी मल्टिमीटर बीपवर ठेवून लाल आणि काळ्यामध्ये टेकवा. बीप वाजली तर शॉर्ट आहे, बॅटरी लावायची नाही.

दिवे कशाने लागणार

सर्वांत साधा मार्ग म्हणजे चासीखाली एक छोटं स्लाइड बटण. हेडलाइट आणि टेल त्यावर. पहिल्या ट्रकला एवढंच करा, असा माझा आग्रहच आहे. पुढचा टप्पा रिमोटवरून चालणारा आरसी स्विच: तो रिकाम्या चॅनलला लावायचा आणि रिमोटवरचं बटण दाबलं की दिवे चालू-बंद.

ब्रेक लाइट आणि इंडिकेटर आपोआप हवे असतील तर तयार लाइट कंट्रोलर मिळतात. टामियाचं एमएफसी युनिट दिव्यांबरोबर आवाजही देतं, पण ते महाग पडतं. हौस असेल तर अर्डुइनो नॅनोवर (प्रोग्राम लिहून चालवायच्या छोट्या बोर्डावर) स्वतः करता येतं. रिसीव्हर प्रत्येक चॅनलवर साधारण सेकंदाला ५० वेळा एक पल्स पाठवतो. ती १.५ मिलिसेकंदांची असली तर स्टिक मधे, १ च्या जवळ एका टोकाला, २ च्या जवळ दुसऱ्या टोकाला. थ्रॉटलच्या (मोटरच्या वेगाच्या) चॅनलला वाय वायर, म्हणजे एकाचे दोन फाटे करणारी वायर, लावून सिग्नल नॅनोला द्या. ट्रक पुढे जात असताना पल्स मध्यावर आली की दोन सेकंद ब्रेक लाइट लावा, मध्याच्या पलीकडे जाऊन टिकली की रिव्हर्स. टेल आणि ब्रेक एकाच एलईडीतून निघतात: पीडब्ल्यूएमच्या पिनवर (जिचा उजेड कमी-जास्त करता येतो अशा पिनेवर) २५५ पैकी ३० दिले की टेल, पूर्ण २५५ दिले की ब्रेक. इंडिकेटर स्टिअरिंगच्या चॅनलवरून, पण ट्रक थांबलेला असतानाच लागेल असं लिहा. नाहीतर सरळ रस्त्यावर थोडी स्टिक हलली तरी तो लुकलुकतो. खऱ्या गाडीचा इंडिकेटर मिनिटाला ६० ते १२० वेळा लागतो, म्हणून ३३० मिलिसेकंद चालू आणि ३३० बंद ठेवला की डोळ्याला पटतो.

नॅनोच्या एका पिनेतून २० मिलिअँपिअरपेक्षा जास्त घेऊ नका, म्हणजे एका पिनेवर दोनच एलईडी. आणि बीईसी ६ व्होल्टची असेल तर ती नॅनोच्या ५ व्होल्टच्या पिनेला थेट लावायची नाही. मध्ये १एन४००७ डायोड टाका, त्यात साधारण ०.७ व्होल्ट कमी होतात आणि नॅनोला झेपेल इतकं उरतं. नॅनोवरच्या एलईडींचे रेझिस्टर मग ५ व्होल्टच्या हिशोबाने. बीईसी ७.४ ची असेल तर हा डायोड पुरणार नाही, वेगळी ५ व्होल्टची यूबीईसी लागेल.

बिघाड

स्टिअरिंग फिरवलं की दिवे मिणमिणत असतील तर बीईसी कमी पडते आहे. एकच दिवा लागत नसेल तर तो उलटा जोडला आहे किंवा सोल्डर ड्राय आहे. बाकीचे ठीक आणि एक अख्खा गट बंद, तर प्लगमधली एखादी पिन मागे सरकली आहे. ट्रक हलला की दिवा जातो-येतो, तर वायर इन्सुलेशनच्या आत तुटली आहे: दिवा चालू ठेवून वायर बोटाने टोकापासून हळूहळू वाकवत जा, जागा सापडेल.

यवतेश्वरच्या चढावर पावसात क्रॉलर चालवणार असाल तर स्लीव्हच्या दोन्ही टोकांना नेलपॉलिशचा हात द्या आणि प्लग शक्य तितका वर बांधा, चासीच्या तळाशी नको. घरी आल्यावर बॉडी काढून प्लग सोडवा आणि वाऱ्यावर ठेवा. ट्रेलर असेल तर त्याच्या टेल, ब्रेक आणि इंडिकेटरच्या वायरी पाचव्या चाकाच्या (ट्रकवर ट्रेलर अडकवायच्या गोल थाळीच्या) मागे वेगळ्या प्लगवर आणा, आणि वायर एवढी लांब ठेवा की ट्रक काटकोनात वळला तरी ती ताणली जाणार नाही, पण मागच्या चाकातही जाणार नाही. मधोमध एक बारीक स्प्रिंग किंवा रबर लावून ती वर उचलून धरली की दोन्ही प्रश्न सुटतात.